जुन्या मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती ओळखायची कशी, जपायची कशी

परभणीत एका रद्दीच्या दुकानात मला स्वातंत्र्याच्या आधीची एक नावाजलेली कादंबरी सापडली, दुकानदार म्हणला पहिली आवृत्ती आहे साहेब, पाचशे द्या. दिले राव. घरी येऊन बघतो तर आत किंमत 'न. पै.' मध्ये! नवे पैसे आले 1 एप्रिल 1957 ला, मग हे पुस्तक स्वातंत्र्याच्या आधीचं कसं असेल? तेव्हापासून पैसे काढायच्या आधी खालच्या गोष्टी बघतो.

आधी ठरवा काय गोळा करायचं. सगळंच गोळा करायला निघालात तर घरात मोक्कार रद्दी होते. एक लेखक धरा किंवा एक भाग धरा. मी आपल्या परभणीच्या बी. रघुनाथांपासून सुरुवात केली. ते 1953 ला गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत निघालेल्या कादंबरीवर किंमत रुपये-आण्यातच पाहिजे, नवे पैसे दिसले की ती नंतरची आवृत्ती.

मग नावाच्या पानामागचं बारीक अक्षरातलं पान वाचा. आवृत्ती, महिना, साल, छापखाना सगळं तिथंच असतं. साल शके मध्ये असेल तर 78 मिळवा (माघ-फाल्गुन असेल तर 79), शके 1861 म्हणजे 1939. इथं एक गंमत असते, प्रकाशक बदलला की नवा प्रकाशक कधीकधी आपल्या पहिल्या छपाईलाच 'पहिली आवृत्ती' म्हणतो. म्हणून मूळ प्रकाशक कोण ते माहीत पाहिजे. नेमाड्यांची 'कोसला' 1963 ला देशमुख आणि कंपनीनं काढली, नंतरच्या प्रकाशकाची, पॉप्युलर प्रकाशनची, प्रत कितीही जुनी वाटली तरी ती पहिली नाही.

ते पानच फाटलेलं असेल तर बाकीच्या खुणा बघायच्या. प्रकाशकाच्या पत्त्यात 'पुणे 2' असेल तर बहुतेक जुनं, 'पुणे 411 002' असेल तर नक्की 1972 नंतरचं, कारण पिनकोड त्या वर्षीच्या 15 ऑगस्टला सुरू झाला. 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' असे अनुस्वार दिसले तर मजकूर 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी जुळवलेला असायची शक्यता जास्त, आणि 1940 च्या म्हणवणाऱ्या पुस्तकात एकही जास्तीचा टिंब नसेल तर सरळ खाली ठेवा. पानाच्या मागून बोट फिरवा, खिळ्यांची (धातूची अक्षरं जुळवून केलेली जुनी) छपाई असेल तर बऱ्याचदा अक्षरं हाताला लागतात.

शोधायला संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) औरंगपुऱ्यातली दुकानं आहेत, आणि नांदेड-परभणीकरांना हैदराबाद जवळच, रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथं निजामाच्या काळातली मराठी पुस्तकं निघू शकतात. पण खरा माल रिटायर्ड मास्तरांच्या माळ्यावर असतो. घर बदलताना, वाटणी होताना पोरं ते किलोवर घालतात, त्याच्या आधी पोचायचं. गावातल्या रद्दीवाल्याला नंबर देऊन ठेवा आणि दोन रुपये जास्तीचे द्या.

भाव करताना मुखपृष्ठावरचं कागदी वेष्टन आहे का बघा, ते असेल तर प्रतीची किंमत वेगळीच. शेवटची पानं मोजा, तीच गळालेली असतात. लायब्ररीचा शिक्का असेल तर 'बाद' असंही लिहिलेलं पाहिजे, नाहीतर चोरीचा माल गळ्यात पडायचा.

घरी आणल्यावर सेलोटेप अजिबात लावू नका, त्याचा पिवळा डाग जन्मात जात नाही. नाव लिहायचंच असेल तर पेन्सिलनं. आपल्याकडं उन्हाळ्यात कागद कडक होऊन कोपरे तुटतात, म्हणून पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीखालच्या माळ्यावर ठेवू नका, भिंतीला टेकवू पण नका, वाळवी तिथूनच चढते. कसर लागलेलं पुस्तक आलं तर मी ते प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमधे दोन आठवडे ठेवतो, बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद ठेवायची, नाहीतर पाणी सुटतं. आईला मात्र आधी सांगा, आमच्याकडं तिनं मटारची पिशवी समजून कापली होती.