भिशीच्या गटाचं महिला मंडळ कसं करावं

महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चारला कुणाच्या तरी हॉलमध्ये पंधरा-वीस बायका जमतात. चिठ्ठी निघते, एकीचं नाव लागतं, भेळ होते आणि साडेसहाला 'दूध तापवायचंय' म्हणत सगळ्या उठतात. तुमच्याकडे अशी भिशी असेल तर मंडळाचं निम्मं काम झालंय असं समजा. वेळेवर येणाऱ्या, पैसे न चुकवणाऱ्या आणि एकमेकींच्या घरचं ठाऊक असणाऱ्या बायका गोळा करणं, हेच अवघड. बाकीचं शिकता येतं. आमचं मंडळ असंच भिशीतून निघालं. जिथे जिथे आम्ही ठेचकाळलो, तिथे मी या लेखात जरा जास्त वेळ थांबणार आहे.

पायरी १ : आधी काम, नाव मागाहून

नाव, बोधचिन्ह आणि एकसारख्या साड्या या तीन गोष्टींवर आम्ही पहिले दोन महिने घालवले. साड्या छान दिसल्या, पण काम काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, रक्तदान शिबिर घेऊ. रक्तपेढीची गाडी आली, मांडव पडला, सरबत तयार झालं आणि बायका रांगेत उभ्या राहिल्या. रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ आणि वजन किमान ४५ किलो लागतं. बोटाला सुई टोचायची, आकडा बघायचा आणि 'ताई, या वेळी राहू द्या' म्हणून परत पाठवायचं, असं चाललं होतं. निम्म्याहून जास्त बायका तशाच परतल्या. आमच्यातल्या सगळ्यात ठणठणीत काकू रोज सकाळी पाच किलोमीटर चालतात. त्यांचा आकडा निघाला ९.८.

शिबिर फसलं, पण काम सापडलं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. आम्ही ठरवलं, वर्षातून दोनदा आपल्या भागातल्या बायकांची तपासणी करायची आणि कमी निघेल तिला डॉक्टरांपर्यंत न्यायचं. गोळ्या आपण वाटायच्या नाहीत, हे त्याच दिवशी पक्कं केलं. आपल्या वस्तीच्या आशाताईंना आधी विचारून घेतलं, कारण कुठल्या घरात बाळंतीण आहे आणि कुठली बाई दवाखान्याचं नाव काढलं की दार लावते, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

एक चूक मात्र केली. दुसऱ्या तपासणीनंतर बैठकीत उत्साहाच्या भरात आकडे मोठ्याने वाचले गेले. जिचा आकडा सगळ्यात कमी होता ती पुढचे चार महिने फिरकली नाही. तेव्हापासून आकड्यांची वही वेगळी, ती एकीकडेच, आणि बैठकीत फक्त 'इतक्या जणींचं कमी आहे' एवढंच सांगायचं.

तुमचं काम वेगळं असेल. शाळेतल्या मुलींसाठी पॅड असतील, एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना दवाखान्यात सोबत असेल, वाचनालय असेल. निवडताना एवढंच पाहा, की ते दर महिन्याला किंवा दर सहा महिन्यांनी पुन्हा करता येईल आणि आत्ता खोलीत बसलेल्या बायकांना ते जमेल. मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते एकदाच होणाऱ्या कार्यक्रमाने मंडळ चालत नाही. त्याचे फोटो तेवढे राहतात.

पायरी २ : कुणाला बोलवायचं ते उघड ठरवा

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू हा मंडळाला लोकांपुढे येण्याचा सोपा मुहूर्त. घराबाहेर पडायला एरवी कारण शोधणारी बाईही त्या दिवशी येते. पण तिथेच पहिला प्रश्न उभा राहतो. विधवांचं काय? बहुतेक ठिकाणी हा प्रश्न कुणी विचारत नाही. आमंत्रण मात्र जात नाही.

हे पहिल्याच बैठकीत बोलून टाका. पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन उभं केलं ते रमाबाई रानड्यांनी. १९०१ मध्ये त्यांचे पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे गेल्यानंतर, म्हणजे वैधव्यातच. तिथे शिकून कितीतरी विधवा परिचारिका आणि शिक्षिका झाल्या. अलीकडचंच पाहायचं तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये गावात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. त्यामुळे 'लोक काय म्हणतील' याला आता उत्तर आहे. आम्ही आमंत्रणात 'सर्व महिलांना' असं लिहिलं आणि ज्यांना कुणी बोलावत नाही त्यांच्या घरी दोघी-दोघी जाऊन सांगून आलो. नुसतं लिहून कुणी आलं नसतं. दोन सासवा रागावल्या. एक पुढच्या वर्षी आली.

वाणाचंही तसंच. प्लॅस्टिकचे डबे वाटण्याऐवजी आम्ही फोडणीची लोखंडी पळी दिली आणि सोबत अर्ध्या कागदावर चार ओळी : भाजी लोखंडाच्या कढईत करा, जेवणात लिंबू घ्या, जेवणाला लागून चहा नको, हिमोग्लोबिन तपासून घ्या. पळी घरी गेली की रोज हाताशी येते. अशी पळी कोरडी पुसून तेलाचा हात लावून ठेवली नाही तर गंजते, हे पाचव्या ओळीत लिहायला हवं होतं. पंधरा दिवसांत तक्रारी आल्या.

पायरी ३ : भिशीचा पैसा आणि मंडळाचा पैसा वेगळा

इथे दयामाया नको. भिशी ही आपापसातली देवघेव आहे, वर्गणी ही मंडळाची. दोन्ही एकाच पर्समध्ये ठेवल्या की सहा महिन्यांत कुणाचं किती ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

वर्गणी इतकी ठेवा की गटातल्या सगळ्यात अडचणीतल्या बाईलाही ती बोलून दाखवावी लागू नये. पन्नास रुपये असले तरी पावती फाडा, पावतीपुस्तकाला क्रमांक हवेत. खर्चाचं बिल नसेल तर साध्या कागदावर व्हाउचर करून पैसे घेणाऱ्याची सही घ्या. रिक्षाचे चाळीस रुपयेसुद्धा. कोषाध्यक्ष अशी निवडा, जी मैत्रिणीलाही 'बिल आण मग देते' म्हणू शकेल. गोड बोलणारी बाई अध्यक्षपदाला चालते.

पायरी ४ : नोंदणी कधी आणि कशी

सहा महिने काम करून पाहिल्याशिवाय नोंदणीच्या मागे लागू नका. शेजारपाजारापुरतं काम असेल तर नोंदणी नसली तरी अडत नाही. देणग्या घ्यायच्या असतील, मंडळाच्या नावाने बँकेत खातं काढायचं असेल किंवा सरकारी योजनेत काम करायचं असेल, तेव्हा ती लागते.

महाराष्ट्रात नेहमीची वाट म्हणजे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था म्हणून आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास म्हणून, अशी दुहेरी नोंदणी. दोन्ही कामं जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात होतात. संस्थेला किमान सात सभासद लागतात. सात हा आकडा वाचला की मला गिरगाव आठवतं. १९५९ मध्ये तिथल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, ते लिज्जत. त्यांनी आपल्या संस्थेची १८६० च्या कायद्याखाली नोंदणी केली ती १९६६ मध्ये, म्हणजे सात वर्षं काम झाल्यावर.

लागणारे कागद असे : संस्थेचा उद्देश आणि पहिल्या कार्यकारिणीची नावं असलेलं ज्ञापन, नियमावली म्हणजे आपण जिला 'घटना' म्हणतो ती, सगळ्यांचे ओळखपत्र आणि पत्त्याचे पुरावे, आणि कार्यालय म्हणून ज्या घराचा पत्ता देणार त्या घरमालकाचं ना-हरकत पत्र. हे शेवटचं पत्र बहुतेकदा नवऱ्याचं किंवा सासऱ्यांचं असतं, तेव्हा घरात आधी बोलून घ्या. नावं दोन-तीन सुचवा, कारण तुमचं आवडतं नाव आधीच कुणीतरी घेतलेलं असू शकतं.

घटना दुसऱ्या संस्थेची उतरवून काढू नका. आम्ही काढली आणि त्यात 'गोशाळा चालवणे' हा उद्देश तसाच राहिला. निदान चार कलमं स्वतः बसून लिहा : सभासद कोण होऊ शकेल, कार्यकारिणीची मुदत किती, सभेला किमान किती जणी हव्यात, आणि एखादीचं सभासदत्व कधी रद्द होईल.

नोंदणी झाल्यावर मंडळाच्या नावाने पॅन काढा, मग बँकेत खातं. तिघींच्या सह्या द्या आणि त्यांपैकी कोणत्याही दोघींच्या सहीने पैसे निघतील असं लिहून द्या. ३१ मार्चला हिशेब बंद होतो आणि सहा महिन्यांत तो तपासून सादर करायचा असतो. त्यासाठी चार्टर्ड अकाउंटंट शोधायचा तो एप्रिलमध्येच. सप्टेंबरात गेलात तर तो तुमच्याकडे मान वर करून बघणारही नाही. देणगीदारांना आयकरात सवलत मिळावी यासाठी आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते. धर्मादाय नोंदणीने ती आपोआप मिळत नाही.

पायरी ५ : इतिवृत्त लिहायला शिका

इतिवृत्त म्हणजे सभेत काय ठरलं याची लेखी नोंद. 'सभेत चर्चा झाली व कार्यक्रम करण्याचे ठरले' हे इतिवृत्त नव्हे. असं लिहा :

'ठराव क्र. ४. संक्रांतीच्या वाणासाठी ६० लोखंडी पळ्या खरेदी करण्यास रु. ४,८०० पर्यंतच्या खर्चास मंजुरी देण्यात येत आहे. सूचक, अनुमोदक. सर्वानुमते मंजूर.'

सूचक आणि अनुमोदक यांच्यापुढे नावं घाला आणि हजर असलेल्यांच्या सह्या सभा संपायच्या आत घ्या. मागाहून घरोघरी वही फिरवली की सही राहते आणि वही कुणाच्या तरी फ्रिजवर पडून राहते. एकीचं मत विरोधात असेल तर तेही लिहा. तिला बरं वाटतं, आणि पुढे ती बरोबर ठरली तर बाकीच्यांना ऐकावंही लागतं.

पायरी ६ : पदं फिरती ठेवा, बदल कळवा

आमच्या पहिल्या अध्यक्ष सुनेच्या बाळंतपणासाठी मुलाकडे गेल्या आणि तिथेच राहिल्या. आम्ही नव्या अध्यक्ष निवडल्या, पेढे वाटले. बँकेत सह्या बदलायला गेलो तर तिथे विचारलं, 'चेंज रिपोर्टचं काय?' कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. वर्ष उलटून गेलं होतं. वकील, उशीर का झाला याचं प्रतिज्ञापत्र आणि तारखा, यात आठ महिने गेले. तेवढ्या काळात खात्यातले पैसे दिसायचे, काढता येत नव्हते. तपासणीचा खर्च आम्ही आपापसात वाटून घेतला आणि त्याच्याही पावत्या फाडल्या.

म्हणून निवडणुकीच्या सभेतच तीन कामं वाटून द्या : इतिवृत्ताची प्रत काढणं, नव्या-जुन्यांच्या सह्या घेणं, अर्ज दाखल करणं. पेढे त्यानंतर.

हे सगळं नको असेल तर

आयत्या घरात राहायला जाण्यात कमीपणा नाही. इनरव्हील क्लब आज आपल्याकडे तालुक्याच्या गावांतही दिसतात. ही संस्था १९२४ मध्ये मँचेस्टरला, रोटरी सभासदांच्या बायकांनी सुरू केली. तिथे नियम तयार, वर्षाचा आराखडा तयार आणि पदं दरवर्षी बदलणारी. वर्गणी आणि समारंभ तुमच्या गटाला झेपतात का, ते आधी बघा. आणि तुमच्या बायकांची गरज कर्जाची आणि धंद्याची असेल तर मंडळापेक्षा १० ते २० जणींचा बचत गट बरा. त्यासाठी 'माविम' (महिला आर्थिक विकास महामंडळ) किंवा 'उमेद' (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांच्या ताईंना गाठा.

येत्या शनिवारी भिशीला जाताना दोनशे पानी आखीव वही घेऊन जा. पहिल्या पानावर तारीख आणि आलेल्यांची नावं लिहा, माहेरची-सासरची भानगड न करता जिला जे नाव हवं ते. दुसऱ्या पानावर काम कोणतं, ते एका वाक्यात. शेवटचं पान कोरं सोडा. खुर्च्या, सतरंजी आणि चहाचं मोठं पातेलं कुणाच्या घरी आहे, ते तिथे पेन्सिलीने लिहायचं, म्हणजे खोडता येतं.