ओपन सोर्स टाकलं म्हणजे सुटलो असं वाटतंय? या चुका टाळा

मागच्या दिवाळीनंतर सांगलीकडच्या एका पतसंस्थेतून मॅनेजर साहेबांचा फोन आला, "ओ सर, तुमच्या त्या फुकटच्या सॉफ्टवेअरनं आमचं सगळं प्रोसिडिंग खाल्लं बघा." गाडी काढून गेलो. दहा-बारा वर्षांची इतिवृत्तं एका फोल्डरमध्ये, आणि लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे मी टाकून दिलेल्या वर्ड-एक्सेलसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये, कुठलीही फाईल उघडा, डॉलर, कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा.

खाल्लं काहीच नव्हतं. फायली युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या होत्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी कधी नव्हतंच, इंग्रजी अक्षरंच होती आणि त्यांना वरून मराठीचे मुखवटे चढवलेले. जुन्या पीसीवर तो विकतचा फॉन्ट होता म्हणून मराठी दिसायचं, नव्यावर नव्हता म्हणून चिवडा. अख्खी संस्था दहा वर्षं एका फॉन्टच्या दावणीला बांधलेली आणि कुणाला पत्ताच नाही, मी लिब्रेऑफिस टाकलं तेव्हा ते दिसलं इतकंच. शिव्या मात्र लिब्रेऑफिसने खाल्ल्या, आणि थोड्या मीपण.

तेव्हापासून कुणी "ओपन सोर्स आहे का?", म्हणजे कोड सगळ्यांना बघता, बदलता, वाटता येतो का, असं विचारलं की मी म्हणतो हो, पण किल्ली कुणाकडे आहे ते आधी बघू. फाईलची किल्ली, नावाची किल्ली, लायसन्सची, स्टोअरची. टेक कंपन्यांची आपसातली मारामारी गेली कित्येक वर्षं त्या किल्ल्यांवरूनच चाललीय आणि आपण कोड ओपन आहे एवढं बघून खूश.

आधी हा चिवडाच निस्तरू

कारण हे निम्म्या महाराष्ट्रातल्या ऑफिसात आहे. सगळ्यात मोठी चूक म्हणजे चिवडा दिसला की घाबरून सिलेक्ट ऑल मारून दुसरा फॉन्ट लावणं. असं केलं की कुठला मजकूर कुठल्या फॉन्टमध्ये होता ही खूणच पुसली जाते आणि सेव्ह केलं की संपलं. त्याऐवजी चिवड्यावर कर्सर ठेवा आणि वर फॉन्टच्या खान्यात नाव वाचा, तिरप्या अक्षरात दिसत असेल तर तो फॉन्ट तुमच्या मशीनवर नाहीये. ते नाव लिहून घ्या, फाईलची कॉपी करा, आणि त्याच फॉन्टसाठी बनवलेला युनिकोड कन्व्हर्टर वापरा, कारण प्रत्येक फॉन्टची अक्षरांची मांडणी वेगळी असते, एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही. मधेच खरंखुरं इंग्रजी असेल, ईमेल, पॅन नंबर वगैरे, तर ते कन्व्हर्टरमध्ये घालू नका, त्याचं उलट मराठी भजं होतं. आणि झाल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर हमखास तिथेच घसरतो.

दुसरी तक्रार, "लिब्रेऑफिसमध्ये मराठीचा फॉन्ट बदलतच नाही". बदलतो हो. त्यात रोमन लिपीसाठी एक फॉन्ट असतो आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी वेगळा, सेटिंगमध्ये त्याला 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' म्हणतात. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करा, तिथे मराठी निवडा, मग रायटरच्या सेटिंगमध्ये त्या लिपीचा बेसिक फॉन्ट ठरवा. मुक्ता टाका, नोटो टाका, लोहित टाका, तिन्ही ओपन लायसन्सचे आहेत, उद्या पीसी बदलला तरी नव्यावर फुकट उतरवता येतात.

नाव बघून डाउनलोड करू नका

त्याच पतसंस्थेत एका पीसीवर ओपनऑफिस होतं. पोरानं 'ओपन' शब्द बघून उतरवलं असणार, त्याचा काय दोष. पण गोष्ट अशी की २०१० मध्ये ओरॅकलने सन ही कंपनी घेतली, सनबरोबर ओपनऑफिस पण आलं, आणि त्यावर काम करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी त्याच वर्षी बाहेर पडून लिब्रेऑफिस काढलं. कोड नेता आला, नाव नाही, नाव ओरॅकलकडेच राहिलं. पुढे २०११ मध्ये ओरॅकलने ते अपाची फाउंडेशनला देऊन टाकलं, पण तोवर माणसं गेलेली. ओपनऑफिसची ४.१ ची मालिका २०१४ ला आली आणि अजून तिचेच छोटे छोटे अपडेट निघतायत, लिब्रेऑफिस तिकडे कुठल्या कुठे गेलं. म्हणजे जुनी पाटी एका दुकानावर आणि कारागीर शेजारच्या दुकानात, आणि गिऱ्हाईक अजून पाटी बघून आत शिरतंय. ओपनऑफिस काढा आणि लिब्रेऑफिस टाका, जुन्या फायली उघडतात.

सेंटओएसचं पण तेच. रेड हॅट कंपनीच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची फुकट आवृत्ती म्हणून लोकांनी हजारो सर्व्हर त्यावर उभे केले. २०१४ मध्ये तो प्रोजेक्ट रेड हॅटच्या छत्राखाली गेला, २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट ३४ अब्ज डॉलरला घेतली, आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८ चा सपोर्ट २०२९ पर्यंत नाही, २०२१ संपताना बंद. त्या निर्णयात बेकायदेशीर काही नव्हतं, ज्याची पाटी तो उतरवणार. मग त्याची जागा घ्यायला अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स आले २०२१ मध्येच. कुणाकडे अजून सेंटओएस ७ चालू असेल तर त्याचा पण सपोर्ट ३० जून २०२४ ला संपलाय, चालतंय म्हणून बसू नका, नवीन मशीनवर अल्मा किंवा डेबियन (हीपण एक लिनक्सच) टाका आणि सर्व्हिसेस एक एक करून हलवा.

'लेटेस्ट आहे ना, टाक मग'

ही चूक माझी स्वतःची, पूर्णपणे माझी, म्हणून जरा लांबण लावतो.

थोडी पार्श्वभूमी. एखादी कंपनी डेटाबेससारखं काहीतरी बनवते, ओपन सोर्स ठेवते, जग वापरतं. मग मोठे क्लाउडवाले तेच सॉफ्टवेअर आपल्या नावाने सर्व्हिस म्हणून विकतात, लायसन्सप्रमाणे ते चालतं, पण बनवणाऱ्याला वाटतं शेत आम्ही नांगरलं आणि कणसं हे नेतायत. मग तो लायसन्स बदलतो. मोंगोडीबीने २०१८ मध्ये केलं, इलॅस्टिकने २०२१ मध्ये, हॅशीकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मसकट (क्लाउडवरचे सर्व्हर उभे करायचं टूल) सगळ्याचं, आणि रेडिसने (डेटा मेमरीत ठेवणारा डेटाबेस) मार्च २०२४ मध्ये. आणि त्यातल्या तिघांना समोरून फोर्क आला, म्हणजे जुना ओपन कोड घेऊन दुसऱ्यांनी काढलेली वेगळी शाखा: इलॅस्टिकसर्चला अ‍ॅमेझॉनचा ओपनसर्च, टेराफॉर्मला ओपनटोफू, रेडिसला वाल्की. कोण बरोबर यात मी पडत नाही, मला दोघांचीही थोडी थोडी बाजू पटते, पण मधे चेंगरतो तो आपल्यासारखा माणूस.

तर माझं असं झालं, एका छोट्या ऑनलाइन दुकानाचा सर्व्हर बघतो मी, त्यावर रेडिस ७.२ मस्त चालू होतं. एका रविवारी अपडेटचा उत्साह चढला आणि ७.४ टाकलं. लायसन्स बदललेली पहिली आवृत्ती तीच, मी वाचलंच नव्हतं. दोन महिन्यांनी ठरवलं की वाल्कीवर जाऊ, डंपची फाईल (सगळ्या डेटाची प्रत) उचलून तिकडे ठेवली, सर्व्हिस चालू केली, लगेच बंद. लॉगमध्ये एरर, फाईलचं फॉरमॅट व्हर्जन १२ आहे, हे मला वाचता येत नाही. वाल्की हा रेडिस ७.२.४ वरून फुटलेला, त्यामुळे ७.२ पर्यंतची डंप फाईल तो आरामात उचलतो, ७.४ ची नाही. मी स्वतःच्या हाताने दार लावून घेतलेलं! माझ्याकडे नुसता कॅशे (परत बनवता येणारा तात्पुरता डेटा) होता म्हणून वाचलो, रिकामं चालू केलं आणि अर्ध्या तासात आपोआप भरलं. पण कुणाचा खरा डेटा आत असेल तर छोटी स्क्रिप्ट लिहून एक एक की (नोंद) साध्या कमांडने वाचा आणि तिकडे लिहा, मुदत असलेल्या कींची मुदत पण बरोबर न्या. डंप-रिस्टोअरच्या कमांडने प्रयत्न करू नका, त्यातही तोच व्हर्जनचा आकडा लपलेला असतो आणि तिथेही एरर येतो.

टेराफॉर्मवाल्यांसाठी, जुन्या लायसन्सची शेवटची आवृत्ती १.५.७. तुम्ही तिथे किंवा तिच्या खाली असाल तर ओपनटोफूवर जाणं सोपं, पण स्टेट फाईलची (काय काय उभं केलंय त्याची नोंद) कॉपी आधी बाजूला ठेवा, मग नुसता प्लॅन (काय बदलेल ते फक्त दाखवणारी कमांड) चालवून बघा, आणि त्यात 'काही बदल नाही' असं आलं तरच पुढचं पाऊल. पुढच्या आवृत्तीवर असाल तर ओपनटोफूची आवृत्तीनिहाय मायग्रेशनची माहिती वाचल्याशिवाय हात लावू नका.

आणि लायसन्स बदललं म्हणून त्याच रात्री सगळं हलवायची घाई पण चूकच. जी आवृत्ती ज्या लायसन्सखाली निघाली ती त्याच लायसन्सखाली राहते, ती कुणी परत घेऊ शकत नाही, प्रश्न पुढच्या सिक्युरिटी अपडेटचा असतो. शिवाय वारं फिरतं पण. इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय देऊन परत ओपन सोर्सचं दार उघडलं. फोर्क जोरात चालले नसते तर उघडलं असतं का? मला नाही वाटत.

नवीन काही निवडताना मी आता दोन गोष्टी बघतो. कोड पाठवणाऱ्याकडून कंपनी हक्क लिहून घेते का, आणि मुख्य काम करणारे सगळे एकाच कंपनीच्या पगारावर आहेत का. लिनक्स कर्नलवर हजारो लोकांचे हक्क आहेत, सगळ्यांच्या सह्या कोण गोळा करणार, म्हणून तिथे लायसन्स कुणी बदलू शकत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस पण एका कंपनीचा नाही. असलं असेल तर झोप लागते.

कोड ओपन, दुकान बंद

अँड्रॉइड ओपन सोर्स आहे हे सगळे सांगतात. खरंय. पण २०१९ मध्ये अमेरिकेने हुआवेला काळ्या यादीत टाकल्यावर काय झालं आठवा, अँड्रॉइडचा कोड तिला वापरता येतच होता, नव्या फोनवर प्ले स्टोअर आणि गुगलची अ‍ॅप देता येईनात, आणि चीनबाहेर तसा फोन घेणार कोण? आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड लावला तो याच भोवती, प्ले स्टोअर हवं तर अख्खा अ‍ॅपचा गठ्ठा फोनवर टाका आणि अँड्रॉइडची दुसरी आवृत्ती असलेले फोन काढू नका, असल्या अटी. २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, आयोगाचे काही आदेश मात्र रद्द केले.

डेव्हलपर पोरं हेच व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या कोड लिहायच्या एडिटरमध्ये अनुभवतात आणि कळत नाही काय झालं. व्हीएस कोडचा कोड एमआयटी या ओपन सोर्स लायसन्सचा, पण आपण जे उतरवतो ते मायक्रोसॉफ्टच्या वेगळ्या लायसन्सचं. त्याच कोडवरून बनवलेलं व्हीएसकोडियम टाकलं की पायलान्स (पायथनचं एक्स्टेंशन, म्हणजे जोडणी) सापडत नाही, सी प्लस प्लसचं एक्स्टेंशन चालत नाही, मग पोरगं दोनदा रीइन्स्टॉल करतं. रीइन्स्टॉल करून काही होणार नाही बाबा. ती एक्स्टेंशन फक्त मायक्रोसॉफ्टच्या एडिटरसाठीच असं त्यांच्या लायसन्समध्ये लिहिलंय आणि त्यांचं स्टोअरही तसंच. ओपन व्हीएसएक्स नावाच्या स्टोअरवर बघा, सी प्लस प्लससाठी क्लँगडी आणि पायथनसाठी बेस्डपायराइट, माझं काम भागतं.

एआयची मॉडेल पण यातच मोडतात. मेटाच्या लामाला सर्रास ओपन सोर्स म्हणतात, पण लामा ३ च्या लायसन्समध्ये अट आहे की ७० कोटींच्या वर मासिक वापरकर्ते असलेल्या कंपनीने वेगळी परवानगी घ्यायची. आपल्याला काय फरक पडतो, आपले वापरकर्ते सातशे! पण ओपन सोर्समध्ये असली अट बसत नाही, आणि क्लायंटच्या करारात 'फक्त ओपन सोर्स' लिहिलं असेल तर तुम्ही अडकता.

"मग काय, आपण फोर्क करू"

पुण्यातल्या प्रत्येक मीटिंगमध्ये एक जण हे बोलतोच. फोर्क करायला एक बटण लागतं, नंतर रोज माणसं लागतात. वाल्की टिकला कारण मागे लिनक्स फाउंडेशन आणि अ‍ॅमेझॉन, गुगल क्लाउड, ओरॅकल, एरिक्सन असले लोक उभे राहिले. दोन जणांच्या टीमने डेटाबेस फोर्क करणं म्हणजे म्हैस विकत घेऊन गोठा तिसऱ्या मजल्यावर बांधणं.

आणि माणूस एकटा पडला की काय होतं ते मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या टूलच्या प्रकरणात दिसलं, थकलेल्या एकट्या माणसाच्या हाताखाली मदतनीस म्हणून शिरून कुणीतरी मागचं दार बसवलेलं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून खोदत बसलेल्या अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला ते सापडलं, आणि तो मायक्रोसॉफ्टचा नोकर! ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्या तेवढ्या तुमच्या मशीनवर नाहीत ना बघून घ्या.

पतसंस्थेच्या फायलींना पुढे तीन शनिवार लागले. आता तिथे मॅनेजर साहेबांच्या ड्रॉवरमध्ये एक दोनशे पानी वही आहे, मीच आखून दिलेली, चार रकाने: सॉफ्टवेअर, लायसन्स, मालक कोण, बंद पडलं तर काय. लिब्रेऑफिसच्या ओळीत मालक म्हणून फाउंडेशन, फायली ओडीटी (लिब्रेऑफिसचं खुलं फॉरमॅट) आणि पीडीएफ दोन्हीत. सर्व्हरच्या ओळीत अल्मालिनक्स, बंद पडलं तर डेबियन. साहेबांनी वाचून विचारलं, "आणि सर, डेबियन बंद पडलं तर?" तो रकाना अजून कोराच आहे.