संगीतात एम.ए. : गाण्याची आणि शिकवण्याची तयारी

हिंदुस्थानी शास्त्रीय गायनात एम.ए. करू इच्छिणाऱ्याने अर्ज भरण्याआधी ही पदवी आपल्याला कशासाठी हवी, याचे उत्तर स्वतःला प्रामाणिकपणे द्यावे. मैफलीचे निमंत्रण देणारा पदवी विचारत नाही. पदवी लागते ती महाविद्यालयात शिकवण्यासाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकपदासाठी संगीतातील पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के गुण आणि त्यासोबत नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) असा सरळ मार्ग आहे. आकाशवाणीची ‘ए’ श्रेणी मिळवलेल्या आणि नामवंत गुरूंकडे शिकलेल्या पदवीधर कलावंतासाठी त्याच नियमांत वेगळी वाट ठेवलेली आहे, परंतु ती श्रेणी मिळेपर्यंत बहुतेकांची उमेदवारीची वर्षे निघून जातात.

विशारद किंवा अलंकार या संगीताच्या परीक्षा झालेल्यांनी येथे विशेष सावध राहावे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे तयारी उत्तम होते, यात शंका नाही; मात्र प्रवेशाच्या वेळी विशारद कशाच्या बरोबरीची धरायची, त्यासोबत दुसऱ्या शाखेची पदवी लागते की नाही, हे प्रत्येक विद्यापीठ आपापल्या नियमाने ठरवते. ‘चालते हो’ या तोंडी उत्तरावर विसंबू नये. विभागाकडून लेखी खुलासा घ्यावा आणि तो जपून ठेवावा.

संस्था निवडताना इमारतीपेक्षा आठवड्याचे वेळापत्रक पाहावे. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र गुरुकुल पद्धतीवर भर देते. मुंबईत मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे आणि विद्यार्थिनींसाठी एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे. महाराष्ट्राबाहेर बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय हे पर्याय आहेत. शक्य असल्यास एक दिवस विभागात जाऊन बसावे आणि गुरूंसमोर प्रत्यक्ष किती तास गायला मिळते, रियाजाला तबलजी मिळतो की मोबाइलच्या ठेक्यावर भागवावे लागते, हे तेथे शिकणाऱ्यांनाच विचारावे. ज्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे आजवर शिकलात, त्यांची परवानगी आधी घ्यावी. किराणा घराण्याची संथ आलापी गळ्यात मुरलेली असताना विभागात ग्वाल्हेर घराण्याची तालीम मिळू लागली, तर सुरुवातीचे काही महिने गोंधळ उडतोच, आणि त्या काळात घरच्या गुरूंनी समजून घेतले नाही तर विद्यार्थी दोन्हीकडून तुटतो.

प्रवेशाच्या चाचणीत बहुतेक जण आपला आवडता राग घोटून येतात आणि पुढच्या प्रश्नाला अडतात. समजा, तुम्ही मारवा गायलात. परीक्षक लगेच पुरिया मागतील, मग सोहनी. तिन्ही रागांत कोमल रिषभ, तीव्र मध्यम आणि पंचम वर्ज्य; स्वर तेच. फरक चलनात, म्हणजे स्वर कसे फिरतात त्यात, आहे : मारव्यात रिषभ-धैवतावर ठाण आणि षड्ज टाळत ठेवल्यामुळे येणारी अस्वस्थता, पुरियात मंद्र सप्तकातला गंधार-निषादाचा विस्तार, आणि सोहनीत तार षड्जाकडे सतत असलेली ओढ. हे शब्दांत सांगता आले पाहिजे आणि दोन-दोन आलापांत गाऊनही दाखवता आले पाहिजे. तंबोऱ्याची पहिली तार पंचमात तशीच ठेवून पुरिया सुरू करणारा उमेदवार पहिला स्वर लावण्याआधीच निम्मा गेलेला असतो. ती तार निषादाला लावून घेणे, हाही परीक्षेचा भाग समजावा.

संगीतशास्त्राच्या अभ्यासाची उगाच धास्ती घेतली जाते. मराठी विद्यार्थ्याला येथे एक सोय आहे, ती फार थोडे जण वापरतात : पंडित भातखंडे यांनी आपली ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मुळात मराठीतच लिहिली आहे, आणि तीही गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात. शार्ङ्गदेवाचा तेराव्या शतकातला ‘संगीत रत्नाकर’ देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने लिहिला गेला. त्याच्या श्रुती (सूक्ष्म स्वरांतरे) आणि जाती (रागांच्या आधीचे स्वररचनांचे प्रकार) समजून घेताना आजच्या रागाशी ओढूनताणून मेळ घालू नये. नेटमध्ये गाऊन दाखवावे लागत नाही. दोन्ही पेपर मिळून 150 प्रश्न आणि तीन तास, तेव्हा या वाचनाला पहिल्या सत्रापासूनच जागा करून द्यावी. पुढच्या खर्चासाठी 18 ते 25 वयोगटातील कलावंतांना केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, तिची जाहिरात पाहत राहावी.

शिकवणे हा मात्र स्वतंत्र रियाज आहे आणि अभ्यासक्रमात त्याला जितके तास दिलेले असतात तितके पुरत नाहीत. माझा पहिला पाठ भूप रागाचा होता. वर्गात वीस नवखी मुले-मुली होती आणि मी स्वतःच्या काळी चार या पट्टीत आलाप, बंदिश, वर ताना असे अर्धा तास रंगून गायले. मग ‘आता तुम्ही म्हणा’ म्हटल्यावर काळी एक या खालच्या पट्टीत गाणाऱ्या मुलांना तार षड्जापर्यंत पोहोचताच येईना, आणि मुली संकोचून गप्प राहिल्या. त्यानंतर मी पाठाची मांडणीच बदलली. मुलगे आणि मुली असे दोन गट करून प्रत्येकाला त्याची पट्टी द्यायची. एक गट पलटा (स्वरांचा सरावाचा क्रम) म्हणत असताना दुसऱ्याने हातावर त्रिताल धरायचा आणि ऐकलेली ओळ स्वरलिपीत उतरवायची. बंदिशीची स्थायी, म्हणजे पहिला भाग, चार तुकड्यांत द्यायची आणि एक तुकडा समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) नीट येईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. चाळीस मिनिटांच्या तासात मी स्वतः दहा मिनिटांपेक्षा जास्त गात नाही, आणि एम.ए.च्या पाठाचे टाचण लिहितानाही समासात ही मिनिटे मांडून ठेवावीत.