मावशीच्या घरपट्टीत अजून भाडेकरू राहत होता

घरात कुणी ज्येष्ठ असतील तर त्यांचं घरपट्टीचं बिल एकदा चष्मा लावून नीट बघा. आपण फक्त खालची एकूण रक्कम बघतो, तिथेच चुकतं. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या मावशीचा भाडेकरू सहा वर्षांपूर्वी गेला, पण बिलात वापर ‘भाड्याने’ असाच होता. कळवायचं आम्हीच विसरलो! भाड्याच्या घराचं करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर कर काढतात ती, जास्त धरतात. स्वतः राहत असाल तर प्रभाग समितीच्या कर विभागात तसा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच महत्त्वाची.

दुसरं, क्षेत्रफळ. ठाण्यात २०२२ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना ३१ टक्क्यांचा सामान्य कर माफ झाला. इथे वय नाही, घराचा आकार बघतात. बिलावर आकडा चौरस मीटरमध्ये असेल तर ५०० चौरस फूट म्हणजे ४६.४५ चौरस मीटर. माफी फक्त सामान्य कराची आहे, त्यामुळे मलनिःसारण, वृक्ष, शिक्षण वगैरे ओळी राहतातच.

आणि वाद चालू आहे म्हणून बिल अडवून ठेवू नका. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते, पेन्शनीत ती झेपत नाही. हरकत नोंदवून पैसे भरा.