कीबोर्डची मांडणी बदलली असेल, तर ती मूळपदावर कशी आणावी

कीबोर्डवरील कळ दाबली, की तिच्यावर छापलेले अक्षर संगणकाकडे जात नाही. ती कळ कोणत्या जागेवर आहे हे सांगणारा संकेतांक तेवढा जातो आणि त्या जागेसाठी कोणते अक्षर उमटवायचे, हे ऑपरेटिंग सिस्टिम त्या वेळी निवडलेल्या मांडणीवरून, म्हणजे लेआउटवरून, ठरवते. त्यामुळे कळेवर एक चिन्ह छापलेले असताना पडद्यावर दुसरेच उमटू लागले, तर बहुतेक वेळा कीबोर्ड धडधाकट असतो आणि चुकीची मांडणी निवडली गेलेली असते. ड्रायव्हर काढून पुन्हा बसवणे किंवा नवा कीबोर्ड विकत आणणे या उपायांनी अशा वेळी काही साधत नाही, कारण नवा कीबोर्डही तेच संकेतांक पाठवतो आणि सिस्टिम त्यांचा तसाच चुकीचा अर्थ लावते.

कोणती मांडणी चालू झाली आहे, हे चुकीच्या अक्षरांवरूनच ओळखता येते. नोटपॅडसारखा साधा प्रोग्राम उघडावा आणि शिफ्ट धरून 2 व 3 या कळा दाबाव्यात. अमेरिकन मांडणीत अनुक्रमे @ आणि # उमटतात, तर ब्रिटिश मांडणीत " आणि £ ही चिन्हे येतात. ही अदलाबदल सर्वाधिक आढळते, कारण दोन्ही मांडण्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागा सारख्याच असल्यामुळे ई-मेलचा पत्ता किंवा पासवर्ड लिहिण्याची वेळ येईपर्यंत काही बदलले आहे हे लक्षातच येत नाही. वाय आणि झेड यांची अदलाबदल झाली असेल, तर जर्मन मांडणीचा संशय घ्यावा; ए व क्यू तसेच डब्ल्यू व झेड यांच्या जागा बदलल्या असतील, तर फ्रेंच मांडणीचा. अवतरणचिन्हाची कळ दाबल्यावर काहीच उमटत नाही आणि पुढचे अक्षर दाबताच त्या अक्षरावर स्वराघाताचे चिन्ह चढून येते, असा प्रकार असेल, तर ‘युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल’ ही मांडणी चालू आहे, असे समजावे. त्या मांडणीत अवतरणचिन्हाची कळ पुढच्या अक्षराची वाट पाहते आणि नुसते अवतरणचिन्ह हवे असल्यास तिच्यानंतर स्पेसबार दाबावा लागतो. हा बिघाड नसून युरोपीय भाषा लिहिणाऱ्यांसाठी केलेली सोय आहे.

काही तक्रारींचा मात्र मांडणीशी संबंध नसतो. आकड्यांचा स्वतंत्र संच नसलेल्या काही लॅपटॉपवर नम लॉक चालू झाले, की जे, के, एल या कळांमधून 1, 2, 3 आणि यू, आय, ओ या कळांमधून 4, 5, 6 उमटू लागतात. विंडोजमध्ये शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबल्यास स्टिकी कीजची, तर उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरल्यास फिल्टर कीजची विचारणा होते. तिला नकळत होकार दिला गेला, तर कळा अडकल्यासारख्या किंवा उशिरा प्रतिसाद देणाऱ्या वाटतात. या दोन्ही सोयी सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटी विभागातून बंद करता येतात.

शंका उरलीच, तर विंडोज आणि कंट्रोल या कळा धरून ओ दाबावे, म्हणजे पडद्यावरचा कीबोर्ड उघडतो. त्यावर दिसणारी चिन्हे चालू मांडणीचीच असतात. आता हातातल्या कीबोर्डवरील एखादी कळ दाबून पडद्यावर कोणती कळ उजळते, ते पाहावे. त्याच जागेवरची कळ उजळली, पण तिच्यावरचे चिन्ह वेगळे असले, तर दोष मांडणीचा आहे. भलत्याच जागेवरची कळ उजळली किंवा काहीच उजळले नाही, तर दोष कीबोर्डमध्ये शोधावा. ही चाचणी आधी केल्यास पुढचा बराच वेळ वाचतो.

विंडोजमधील दुरुस्ती

टास्कबारच्या उजव्या टोकाला घड्याळाजवळ भाषेची खूण असते. तिच्यावर माउस नेला, की भाषेचे आणि कीबोर्डचे नाव दिसते. ही दोन नावे वेगवेगळी वाचावीत, कारण विंडोजमध्ये एका भाषेखाली अनेक मांडण्या ठेवता येतात आणि भाषा ‘इंग्लिश, युनायटेड स्टेट्स’ असूनही तिच्याखालची मांडणी ब्रिटिश असू शकते. तात्पुरता बदल करायचा असेल, तर विंडोज कळ धरून स्पेसबार दाबत राहावे आणि यादीतून हवी ती मांडणी निवडावी.

कायमच्या दुरुस्तीसाठी विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज उघडून ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि त्यातील ‘लँग्वेज अँड रीजन’ या पानावर जावे. संबंधित भाषेसमोरच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून ‘लँग्वेज ऑप्शन्स’ उघडले, की खाली त्या भाषेच्या मांडण्यांची यादी दिसते. हवी ती मांडणी ‘ॲड अ कीबोर्ड’ वापरून आधी जोडावी आणि नको असलेली त्यानंतर काढावी. हा क्रम पाळावा, कारण भाषेखाली एकच मांडणी उरली असेल, तर विंडोज ती काढू देत नाही. ज्या मांडण्या आपण वापरत नाही, त्या सगळ्या काढून टाकणे हाच माझ्या मते खरा उपाय आहे, कारण यादीत नसलेल्या मांडणीवर चुकून जाण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

चूक होण्याचे नेहमीचे कारण शॉर्टकटमध्ये असते. डावी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्यास भाषा बदलते, कंट्रोल आणि शिफ्ट एकत्र दाबल्यास त्याच भाषेतील मांडणी बदलते, आणि भरभर टाइप करताना किंवा मजकूर निवडताना या जोड्या सहज दाबल्या जातात. ‘टाइम अँड लँग्वेज’मधील ‘टायपिंग’ आणि त्यातील ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ येथे ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ हा दुवा आहे. तो उघडून ‘चेंज की सीक्वेन्स’मध्ये दोन्हींसाठी ‘नॉट असाइन्ड’ निवडावे. विंडोज आणि स्पेसबार ही जोडी या चौकटीतून बंद करता येत नाही, पण ती चुकून दाबली जाण्याची शक्यता बरीच कमी असते. त्याच पानावरील आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. प्रत्येक खिडकीसाठी वेगळी मांडणी ठेवण्याच्या पर्यायावर खूण असेल, तर ब्राउझरमध्ये दुरुस्त केलेली मांडणी वर्डमध्ये गेल्यावर पुन्हा चुकीची दिसते आणि दुरुस्ती टिकत नाही, असा समज होतो. तसेच मूळ मांडणी ठरवणाऱ्या सर्वांत वरच्या यादीत भलतेच काही निवडलेले असेल, तर तेथे ‘यूज लँग्वेज लिस्ट’ हा पर्याय ठेवावा.

यादीत नसलेली मांडणी स्पेसबारच्या शॉर्टकटने दिसत राहते, असेही काही संगणकांवर घडते. अशा वेळी तीच मांडणी सेटिंग्जमध्ये मुद्दाम जोडावी, साइन आउट करून पुन्हा साइन इन व्हावे आणि मग ती काढून टाकावी. काढण्यासाठी ती आधी यादीत नोंदलेली असावी लागते, म्हणून हा उलटा वाटणारा मार्ग उपयोगी पडतो. रिमोट डेस्कटॉपने दुसऱ्या संगणकाशी जोडले गेल्यावरही आपल्या संगणकावरची मांडणी तिकडे उमटू शकते, हे ध्यानात ठेवावे.

पासवर्ड चुकीचा ठरतो तेव्हा

साइन इनच्या पडद्याची मांडणी आपल्या खात्याच्या मांडणीहून वेगळी असू शकते, आणि पासवर्डच्या जागी ठिपकेच दिसत असल्याने ही चूक सहज कळत नाही. पासवर्डच्या चौकटीतील डोळ्याची खूण दाबून धरावी आणि उमटलेली चिन्हे पाहावीत. मांडणी चुकीची असल्यास खाली उजवीकडच्या भाषेच्या खुणेवरून ती तेथल्या तेथे बदलता येते. कायमच्या उपायासाठी कंट्रोल पॅनेलमधील ‘रीजन’ उघडून ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह’ या टॅबमधील ‘कॉपी सेटिंग्ज’ वापरावे आणि स्वागताच्या पडद्यासाठी असलेल्या चौकोनावर खूण करावी. त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात.

यात एक खाचखळगा आहे. पासवर्ड ठरवताना ब्रिटिश मांडणी चालू असेल आणि आपण @ समजून शिफ्ट व 2 दाबले असेल, तर साठवलेल्या पासवर्डमध्ये प्रत्यक्षात " हे चिन्ह असते. मांडणी अमेरिकन केल्यानंतर @ लिहिले, तर पासवर्ड अर्थातच नाकारला जातो. तेव्हा मांडणी दुरुस्त केल्यानंतर जुना पासवर्ड चालेनासा झाला, तर त्या जागी " लिहून पाहावे आणि आत शिरल्यावर पासवर्ड नव्याने ठरवावा.

मराठीच्या दोन मांडण्या

विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक अशा दोन मांडण्या मिळतात. दोन्हींत के या कळेवर ‘क’ येत असल्यामुळे पहिल्या अक्षराला फरक जाणवत नाही. पण इनस्क्रिप्टमध्ये एच दाबल्यावर ‘प’ आणि एल दाबल्यावर ‘त’ उमटतो, आणि उच्चाराप्रमाणे टाइप करणारा गोंधळतो. दोन्हींपैकी जिची सवय आहे, ती एकच मराठीखाली ठेवावी. आधी नीट वाचता येणारा जुना मराठी दस्तऐवज उघडल्यावर त्यात रोमन अक्षरांची अर्थहीन जंत्री दिसत असेल, तर मांडणी बदलून उपयोग नाही. तो मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिलेला असतो आणि त्याला तो फाँट किंवा रूपांतर करणारा प्रोग्राम लागतो.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधील ‘कीबोर्ड’ विभागात ‘इनपुट सोर्सेस’ची यादी असते आणि कंट्रोल व स्पेसबार यांनी ती बदलते. बाहेरून जोडलेल्या कीबोर्डवर एक-दोनच चिन्हांच्या जागा बदलल्या असतील, तर मॅकने कीबोर्डचा प्रकार चुकीचा ओळखला असण्याची शक्यता असते. ‘चेंज कीबोर्ड टाइप’ निवडल्यावर शिफ्टच्या शेजारच्या कळा दाबायला सांगितले जाते आणि त्यावरून प्रकार पुन्हा ठरतो. लिनक्सच्या जीनोम डेस्कटॉपवरही सेटिंग्जमधील ‘कीबोर्ड’ विभागातच यादी सापडते. मात्र लॉगिनच्या पडद्यासाठी तेथे संपूर्ण सिस्टिमची वेगळी मांडणी असते, म्हणून ती स्वतंत्रपणे तपासावी.

इतके करूनही एखादी कळ सतत चुकीचे चिन्ह देत असेल, तर दुसरा यूएसबी कीबोर्ड जोडून पाहावा. त्यावर तीच कळ नीट चालली, तर सेटिंग्ज पुन्हा न चाळता पहिल्या कीबोर्डची दुरुस्ती करून घ्यावी.