कुटुंबासह जर्मनीला येताय? डॉक्टर आणि आरोग्य विम्याची घडी अशी बसवा

व्हिसा, तिकीट, सामान, घर हे सगळं तुम्ही मार्गी लावलं असेल असं धरून चालते. मला लिहायचंय ते जर्मनीतल्या विम्याबद्दल आणि डॉक्टरांबद्दल. इथे येऊन मला अकरा वर्षं झाली. पुण्या-नाशिककडून आलेल्या बऱ्याच कुटुंबांच्या शेजारी बसून मी विम्याचे फॉर्म भरून घेतलेत. त्यात एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते, आणि ती आधी आम्हीही केली होती.

१. निघण्यापूर्वी

विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, मुलांचे जन्मदाखले, आणि चालू गोळ्यांमधल्या मूळ औषधाचं नाव टाइप केलेली, सही-शिक्क्याची चिठ्ठी. ब्रँडचं नाव इथे कुणाला कळत नाही. मुलांचं लसीकरणाचं कार्ड डॉक्टरांकडून सुवाच्य अक्षरात, तारखांसह पुन्हा लिहून घ्या. मार्च २०२० पासून इथे गोवराच्या लसीचा पुरावा दिल्याशिवाय मुलाला पाळणाघरात किंवा बालवाडीत घेत नाहीत, आणि दोन वर्षांवरच्या मुलाला दोन डोस लागतात. आपल्याकडचे एमआर किंवा एमएमआरचे डोस चालतात, फक्त ते वाचता आले पाहिजेत.

२. पब्लिक की प्रायव्हेट

इथे घाई करू नका.

नोकरदारासाठी दोन व्यवस्था आहेत. टीके, एओके, बार्मर या पब्लिक विमा संस्था, म्हणजे 'क्रांकनकासे'. तिथे हप्ता पगारावर ठरतो: १४.६ टक्के आणि वर त्या कासेचा जादा टक्का. यातला निम्मा भार कंपनी उचलते, आणि एका मर्यादेनंतर पगार कितीही वाढला तरी हप्ता वाढत नाही. कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात, एक सेंटही जादा न देता. प्रायव्हेटमध्ये हप्ता वय आणि तब्येत बघून ठरतो, आणि घरातल्या प्रत्येक माणसाचा वेगळा. वार्षिक पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तरच नोकरदाराला प्रायव्हेट निवडता येतं. २०२५ मध्ये ही मर्यादा ७३,८०० युरो होती, २०२६ साठी ७७,४०० आहे.

माझा नवरा माझ्या आधी सात महिने आला. ओळखीतल्या कुणीतरी एजंट गाठून दिला. एजंटने पुढे ठेवलेल्या कागदावर दोन आकडे शेजारी शेजारी होते: पब्लिकचा मोठा, प्रायव्हेटचा बराच लहान. आकडे खरे होते, पण तिशीतल्या एकट्या, निरोगी माणसाचे. मी दोन वर्षांच्या लेकीला घेऊन आले आणि दोन नवे हप्ते सुरू झाले. माझी थायरॉइडची गोळी फॉर्मवर लिहिली, म्हणून माझ्या हप्त्यावर जादा आकारणी लागली. डॉक्टरांची बिलं आधी खिशातून भरायची, मग कागद पाठवून पैसे परत मागायचे. महिनाअखेरीला टेबलावर बिलांचा गठ्ठा पडलेला असायचा.

पुढे मला नोकरी लागली आणि मी माझ्या नावाने पब्लिकमध्ये गेले. वाटलं, लेकीला आपल्या विम्यात घेऊ. घेता आलं नाही. नवरा-बायकोपैकी प्रायव्हेटवाल्याचा पगार त्या मर्यादेच्या वर असेल आणि दुसऱ्यापेक्षा जास्त असेल, तर मूल पब्लिकवाल्याच्या विम्यात फुकट बसत नाही. शेवटी नवऱ्याने कामाचे तास कमी करून पगार मर्यादेखाली आणला, तेव्हा आम्ही तिघं पब्लिकमध्ये आलो. हे तीन वर्षांनी.

म्हणून, "आधी स्वस्तातलं प्रायव्हेट घे, बायको-मुलं आली की पब्लिकला जा" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मनात आलं म्हणून परतता येत नाही. पगार मर्यादेच्या वर असेपर्यंत दार बंद, आणि पंचावन्नाव्या वर्षानंतर ते जवळजवळ कायमचं बंद. जर्मनीतली पहिलीच नोकरी असेल तर मोठा पगार असूनही पब्लिकमध्ये स्वेच्छेने जाता येतं, पण नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

माझं मत स्पष्ट आहे. मुलं आहेत किंवा होणार आहेत, किंवा जोडीदार काही काळ घरी असणार आहे, तर पब्लिकच घ्या. दोघंही भरपूर कमावणारे, मूल नको असलेले आणि दोन वर्षांत नक्की परतणारे असाल तरच प्रायव्हेटचा विचार करा. परदेशातून येणाऱ्यांसाठीची स्वस्त तात्पुरती पॉलिसी घ्यायची ती फक्त विमानातून उतरल्यापासून नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंत. वर्षभर त्यावर राहू नका.

३. कुटुंबाचा फॉर्म

याला 'फामिलिएनफरझिशरुंग' म्हणतात. तो आपोआप होत नाही, फॉर्म मागून भरायचा. आडनावं वेगळी असतील तर लग्नाचं आणि जन्माचं प्रमाणपत्र मागतात. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि प्रमाणपत्रावर सासरचं, असं आपल्याकडे हमखास असतं, तेव्हा दोन्ही कागद सोबत जोडा. आपलं मधलं नाव इथे पहिल्याच नावाचा भाग धरतात, त्यामुळे बाईच्या विम्याच्या कार्डावर नवऱ्याचंही नाव येतं. येऊ द्या. पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच, अक्षरन् अक्षर, सगळीकडे लिहा.

४. डॉक्टर

फॅमिली डॉक्टर म्हणजे 'हाउसआर्त्स्ट', मुलांचे 'किंडरआर्त्स्ट'. आजारी पडायची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात शोधायला लागा. बरेच जण नवीन पेशंट घेत नाहीत. फोनवर नकार मिळाला तर मुलाला घेऊन काउंटरवर जा, लसीकरणाचं कार्ड पुढे ठेवा. मला दोनदा असंच घेतलं. तरीही जमलं नाही तर ११६११७ या वैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा, तिथून डॉक्टरांची वेळ मिळवून देतात. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी ताप चढला तरी हाच नंबर. छातीत दुखणं, श्वास अडकणं, शुद्ध हरपणं यासाठी मात्र ११२.

आपल्याकडच्यासारखी पाच गोळ्यांची चिठ्ठी इथे मिळणार नाही. दोन दिवसांच्या तापाला डॉक्टर पाणी, आराम आणि पॅरासिटामॉल सांगतील, आणि ते बरोबरच असतं. त्यांनी लक्ष घातलं नाही असं समजून घरी भारतातली अँटिबायोटिकची स्ट्रिप फोडू नका. मात्र बोलताना महत्त्वाचं आधी बोला. "ताप आहे" एवढ्यावर थांबू नका. "काल दुपारपासून पाणी पीत नाही, सकाळपासून लघवी झाली नाही," हे पहिलं वाक्य असू द्या. माझ्या लेकीच्या वेळी हे मी सगळ्यात शेवटी सांगितलं. ते ऐकताच नर्सने आम्हाला आत घेतलं. तोवर आम्ही तासभर बाहेर बसलो होतो.

स्पेशालिस्टकडे जाताना हाउसआर्त्स्टची चिठ्ठी, 'युबरवाइझुंग', घ्या. दर तिमाहीत पहिल्या भेटीला विम्याचं कार्ड मशीनमध्ये घालावं लागतं, ते पाकिटातच ठेवा.

५. औषधं

पब्लिक विम्यात चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला साधारण ५ ते १० युरो आपले, अठरा वर्षांखालच्या मुलांना काही नाही.

६. आई-बाबा भेटीला आले तर

त्यांना तुमच्या विम्यात घेता येत नाही. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो, पण त्यात जुन्या बीपी-शुगरमुळे उद्भवलेला खर्च बरेचदा वगळलेला असतो. पॉलिसीतलं ते कलम विकत घेण्याआधी वाचा, आणि जुनी दुखणी लपवू नका. त्यांच्या गोळ्या मुक्काम पुरेल इतक्या, चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत आणायला सांगा.