खरजेची ट्यूब उघडण्याआधी

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, मेडिकलवाल्यानं ट्यूब हातात ठेवली, की घरी येऊन पहिलं काम करायचं ते हे, की ती ट्यूब उंच फळीवर ठेवून द्यायची. आज लावायची नाही. लेकरू रात्रभर खाजवतंय, आपल्याला बघवत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरीही दोन दिवस तयारीला द्या. गेल्या वर्षी आमच्या आठ माणसांच्या घरात मी घाई केली होती. पुतण्याच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ दिसलं, त्याला तेवढी ट्यूब लावली आणि बाकीच्यांना "तुम्हाला कुठं खाजतंय?" म्हणून सोडून दिलं. तीन आठवड्यांत त्याला पुन्हा सुरू झालं, शिवाय धाकटीला आणि आत्याबाईंनाही. घरात सगळे म्हणायला लागले, औषध बोगस आहे. औषध चांगलंच होतं, मी ते एकट्या पोराला लावलं हे चुकलं होतं.

म्हणून यादीत सगळ्यात वर माणसं. वहीच्या पानावर नावं लिहा. एका छपराखाली झोपणारं प्रत्येक माणूस, खाजत असो वा नसो. खरजेचा किडा अर्ध्या मिलीमीटरहूनही लहान असतो, त्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून रोज दोन-तीन अंडी घालते. खाज सुटते ती आपल्या शरीराला त्या किड्याचं वावडं होतं म्हणून, आणि पहिल्यांदाच लागण झाली असेल तर ते वावडं व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे आज जो "मला काही नाही" म्हणतो, त्याच्या अंगावर महिनाभर किडा असू शकतो आणि तो दुसऱ्याला देत असतो. नावं लिहिताना घराबाहेरचेही आठवा. दुपारी लेकराला मांडीवर घेऊन झोपवणारी शेजारची आजी. लातूरला क्लाससाठी खोली करून राहणारा, पण शनिवार-रविवारी घरी येऊन त्याच वाकळेत झोपणारा मुलगा. त्याला आणि त्याच्या खोलीतल्या पोरांना त्याच रात्री तिकडं लावावं लागेल, तर आधी फोन करा. घरातलं कुणी ऊसतोडीला गेलं असेल तर कोपीत किती जण झोपतात हेही विचारा. टोळी परत यायच्या वेळेला हे काम पुन्हा निघतं, तेव्हा हे पान जपून ठेवा.

मग ट्यूबा मोजा. मोठ्या माणसाला मानेपासून तळपायापर्यंत एका वेळेला साधारण ३० ग्रॅम लागतं, लहान मुलांना वयाप्रमाणे कमी, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि हे दोनदा लावायचं आहे, तेव्हा हिशेब दुप्पट. एका ट्यूबमध्ये पाच जण भागवायला गेलं की कुणाचंच धड होत नाही. ट्यूबवर पर्मेथ्रीन ५ टक्के लिहिलेलं आहे ना, ते बघा. १ टक्क्याचं असतं ते उवांसाठी, त्यानं खरूज जात नाही. मुदतीची तारीख बघा. खर्च झेपत नसेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, आशाताईंना सांगा, त्यात लाजायचं काही नाही.

कपाटात आधीची कुठली "खाजेची ट्यूब" पडली असेल तर ती बाजूला काढा. त्यातल्या पुष्कळ ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज बसते, बरं वाटतं, आणि आत किडा मजेत वाढतो. पुढं डॉक्टरांनाही पुरळ ओळखू येत नाही, नायट्याचं औषध सुरू होतं. आणि गोठ्यातलं गोचिडाचं औषध माणसाच्या अंगाला लावू नका, रॉकेल लावू नका. आमच्याकडं हे होतं, म्हणून हात जोडून सांगते. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ घालायची असेल तर घाला, पण ती औषधाच्या जागी धरू नका.

डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी आठवणीत राहत नाहीत, तेव्हा त्याही त्याच पानावर लिहा. घरात दोन महिन्यांच्या आतलं बाळ आहे का? त्याला ही क्रीम आपल्या मनानं लावायची नाही. कुणी पोटुशी आहे, कुणी अंगावर पाजते, कुणाला दमा आहे, हे सांगा. कुणाच्या पुरळात पू झालाय, पिवळ्या खपल्या धरल्यात, ताप आहे, तर ते आधी दाखवा. खाजवून झालेल्या जखमेत जे जंतू शिरतात ते किडनीपर्यंत त्रास नेऊ शकतात. लेकराच्या डोळ्यांखाली सूज आली किंवा लघवी तांबडी झाली तर ट्यूबबिब सगळं सोडून दवाखाना गाठा. कधी डॉक्टर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात. त्या वजनावर ठरतात, १५ किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बाईला सहसा देत नाहीत, तेव्हा एकाच्या गोळ्या दुसऱ्याला वाटून द्यायच्या नाहीत.

आता दिवस ठरवा, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त डोकं इथंच चालवावं लागतं. क्रीम अंगावर आठ ते चौदा तास राहायला हवी. रात्री नऊला लावली आणि सकाळी सातनंतर आंघोळ केली की दहा तास होतात. पण त्या आठवड्यात शेतातली लाईट रात्रीची असेल, तर घरातला माणूस क्रीम लावून दारं धरायला जाणार, चिखलात उभा राहणार, आणि हातापायाचं सगळं धुऊन जाणार. दिवसाच्या लाईटचा आठवडा बघा. नळाला पाणी कधी येणार, टँकर कधी येणार, तेही बघा, कारण सकाळी सगळ्यांची आंघोळ आणि धुणं एकाच वेळी निघतं. आम्ही नळाच्या आदल्या दिवशीचा शनिवार धरला. रविवारी सकाळी पाणी आलं, शाळा नव्हती.

कपड्यांचं लोक उगाच भय घेतात. अख्खं कपाट धुवायची गरज नाही. माणसाच्या अंगावरून उतरला की हा किडा साधारण दोन-तीन दिवसांच्या वर जगत नाही. तेव्हा गेल्या तीन दिवसांत अंगाला लागलेलं तेवढंच काढा: घातलेले कपडे, टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे, डोक्याला बांधायचा रुमाल, बाळाची दुपटी. हे हात घालवणार नाही अशा कढत पाण्यात भिजवायचं, धुवायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. आमच्या उन्हाला इथं तरी नावं ठेवू नयेत.

पण वाकळा कशा धुणार? एक वाकळ भिजली की दोघींना उचलत नाही, आणि तिला हौदभर पाणी लागतं. ज्या भागात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं "सगळं गरम पाण्यात धुवा" हे सांगणं सोपं आहे, करणं नाही. तर धुवायचंच नाही. मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणून ठेवा, वाकळ, स्वेटर, शाल, दप्तराला लटकवलेली कापडी बाहुली, जे धुता येत नाही ते आत घालून तोंड सुतळीनं गच्च आवळा आणि चार दिवस उघडू नका. खाणं नाही, अंग नाही, किडा आपोआप मरतो. मी आठवडाभर ठेवलं, मनाच्या समाधानासाठी. पिशवी नवी घ्या, फवारणीच्या औषधाच्या खोक्यातली नको. आणि घरात, गादीवर, भिंतीवर कसलीही फवारणी करायची गरज नाही. गादी आणि बाज उन्हात टाकली की झालं. पिशव्या बांधल्यावर रात्री पांघरायला काय, हे आधी बघून ठेवा. आम्ही धुतलेल्या साड्या दुहेरी करून पांघरल्या.

शनिवारी दुपारी सगळ्यांची नखं काढा, अगदी आतपर्यंत. खाजवताना किडे आणि अंडी नखांखाली जातात. मग अंगावर काय काय आहे ते बघा. लेकरांचा करदोटा सोडा. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्या पुतण्याच्या कमरेला काळ्या दोऱ्याखाली, दोऱ्याच्याच रेघेत, पुरळाची एक ओळ राहिली होती, आणि पहिल्या वेळी मी दोरा वर सरकवून तिथं क्रीम लावलीच नव्हती. आत्याबाईंना वाटलं, करदोटा कसा काढायचा? शेवटी त्यांनीच नवा दोरा आणायला सांगितला, रविवारी आंघोळीनंतर बांधला. मनगटातला गंडा, कडं, अंगठ्या, जोडवी, घड्याळ, निघेल ते काढा. चुडा निघत नसेल तर वर सरकवून खाली लावा, मग पुन्हा खाली घेऊन वर लावा.

स्वयंपाक लवकर उरका. जेवणं, भांडी, उद्या सकाळचं दूध तापवण्यापुरतं आवरणं, सगळं आठच्या आत. भाकरी थापणारीनं क्रीम लावलेल्या हातांनी पीठ मळायचं नाही आणि मळल्यावर हात धुतले तर हातांना पुन्हा लावायची. म्हणून तिचा नंबर शेवटी. आंघोळ संध्याकाळी केली असेल तर अंग कोरडं आणि गार होऊ द्या, कढत पाण्यानं न्हाऊन लगेच लावू नका.

लावताना खोलीत उजेड हवा. पुरळ आहे तिथंच नाही, सगळ्या अंगाला, पातळ थर, जिरेपर्यंत चोळायची. हनुवटीच्या खालून सुरू करा: मान, कानांमागं, काखा, कोपरं, मनगटं, बोटांची प्रत्येक बेचकी, स्तनांखाली, बेंबीच्या आत, कंबर, जांघा, लघवीची जागा, ढुंगण, गुडघ्यांमागं, पायाच्या बोटांमध्ये, तळवे. पाठीला एकमेकांनी लावा. नखांखाली क्रीम जायला जुना दात घासायचा ब्रश घ्या, बोटाच्या टोकाला क्रीम ठेवून हलक्या हातानं घासा आणि तो ब्रश नंतर टाकून द्या. अगदी लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना डोकं, कपाळ, कानशिलं, मान यांनाही लावायला डॉक्टर सांगतात. डोळे आणि तोंड सोडून. बाळ हात तोंडात घालतं, तर हातांना सुती मोजे चढवा. अंगावर पाजणारीनं बाळाला घेण्याआधी स्तन धुवावेत आणि पाजून झाल्यावर तिथं पुन्हा लावावं. थोडं चुणचुणलं तर घाबरू नका, ते थांबतं. पोरांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ती रडून न्हाणीकडं पळणार नाहीत.

ट्यूब न्हाणीच्या दाराशी ठेवा. रात्री जो उठेल, हात धुवेल, त्यानं हातांना परत लावायची. आमच्या मामंजींनी तीनदा लावली, कुरकुर न करता.

सकाळी आंघोळ, धुतलेले कपडे, धुतलेली चादर. रात्रीचे कपडे लगेच धुण्यात. इतकं झालं की दुसऱ्या दिवशी मुलं शाळेत जाऊ शकतात.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या शनिवारभोवती लाल गोल करा. डॉक्टरांनी वेगळा दिवस सांगितला असेल तर तो. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, पहिल्या वेळी काही वाचलीच तर त्यांतून निघालेले किडे पुन्हा अंडी घालण्याआधी मारायचे, म्हणून ही दुसरी वेळ. खाज कमी झाली म्हणून ती टाळायचा मोह होतो. टाळू नका. कपड्यांचं, नखांचं, सगळं तसंच पुन्हा.

त्यानंतर खाज राहील. मेलेले किडे कातडीत असतात, तोवर अंग खाजत राहतं, दोन ते चार आठवडे. आत्याबाई रोज विचारायच्या, "गेली नाही गं अजून?" मी त्यांना हाताची बोटं दाखवायला सांगायची. नवं पुरळ नाही, जुनं सुकतंय, म्हणजे ठीक चाललंय. या दिवसांत रोज क्रीम थापायची नाही, कातडी अजून चिडते. खोबरेल तेल लावा, फार त्रास झाला तर खाजेची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. महिन्यानंतरही नवे फोड, नव्या बारीक रेघा दिसल्या तर पुन्हा दाखवा.

आणि शेजारी सांगा. आमच्याकडं हे फार लपवतात, घाणेरडं घर म्हणतील म्हणून. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही खरूज होते, एकाच अंथरुणात झोपणं तिला पुरतं. जगभर इतक्यांना होते की जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली तिला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. मी पुतण्याच्या बाईंना शाळेत जाऊन सांगितलं. त्यांनी कुणाचं नाव न घेता सगळ्या वर्गाचे हात बघितले, आणि पुढच्या शनिवारी आमच्या गल्लीत आणखी तीन घरांनी पिशव्या आणल्या.